डिस्टिल वॉटरमधून करंट जातो का, आणि बोर्डावर पाणी गेलं की नेमकं काय बिघडतं

शुद्ध पाण्यातून करंट जात नाही हे वाक्य शाळेत सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि ते जवळजवळ खरंही आहे, पण त्याच्या भरवशावर लोकं जे काय करून राहिले ते पाहून हे लिहायला घेतलं. कोणी म्हणतं मोबाइलवर चहा सांडला तर आरओच्या पाण्यात धुऊन टाका, शुद्ध पाणी आहे, काही होत नाही. कोणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत आरओचं पाणी ओततं. आणि उन्हाळ्यात कूलर चालू असताना टाकीत हात घालून "पाणी फिल्टरचंच आहे" म्हणणारे पण पाहिले मी, आणि ते तर सरळ जिवावरचं काम आहे, त्याबद्दल खाली सविस्तर लिहितो.

आधी उत्तर सांगून टाकतो. एकदम शुद्ध पाण्यातून करंट जातो, पण इतका कमी की व्यवहारात ते पाणी इन्सुलेटरच धरतात. अडचण ही आहे की तसं पाणी तुमच्याआमच्या घरात नसतंच, आणि असलं तरी कोणत्याही वस्तूला टेकलं की ते तसं राहात नाही. बाकी सगळं यातूनच निघतं.

तांब्याच्या तारेत करंट नेतात ते इलेक्ट्रॉन, ते तारेत मोकळे फिरत असतात. पाण्यात असे मोकळे इलेक्ट्रॉन नसतात, तिथे काम करतात आयन, म्हणजे प्लस किंवा मायनस चार्ज असलेले कण. मीठ पाण्यात टाकलं की सोडियम आणि क्लोराइड वेगळे होतात, सोडियम प्लस, क्लोराइड मायनस, आणि दोन टोकांना व्होल्टेज लावलं की एक या बाजूला जातो, दुसरा त्या बाजूला. पाणी म्हणजे नुसता नागपूरचा वर्धा रोड समजा, माल न्यायला ट्रक लागतात आणि ट्रक म्हणजे हे आयन.

मग मीठबीठ काहीच नसलेल्या पाण्यात करंट शून्य का? तर नाही, कारण पाण्याचे रेणू स्वतःच थोडे थोडे तुटत असतात, एच प्लस आणि ओएच मायनस होतात आणि पुन्हा जुळतात. २५ अंश तापमानाला साधारण ५५ कोटी रेणूंमागे एखादा रेणू असा तुटलेला सापडतो. म्हणजे ट्रक आहेत, पण नावापुरते. १८९४ मध्ये कोलराउश आणि हायडवायलर या दोघा जर्मन शास्त्रज्ञांनी हवा काढून टाकलेल्या भांड्यात पाणी डिस्टिल करून हे मोजलं होतं, हवेचा संपर्कच येऊ नये म्हणून, आणि त्यांचा आकडा आजच्या आकड्याच्या बराच जवळ आहे. त्या काळातल्या साधनांनी इतकं शुद्ध पाणी तयार करणं आणि ते शुद्ध असतानाच मोजून घेणं, मला तर हे फार मोठं काम वाटतं.

आता आकडे पाहू, कारण आकड्यांशिवाय यातलं काही समजत नाही. एक सेंटिमीटर बाजूचा पाण्याचा चौकोनी ठोकळा घ्या, समोरासमोरच्या दोन बाजूंना धातूच्या पट्ट्या लावा आणि मोबाइल चार्जरचे ५ व्होल्ट द्या. पाणी अगदी शुद्ध असलं तर रेझिस्टन्स येतो सुमारे १८२ लाख ओहम, करंट जातो पाव मायक्रोअँपिअरच्या आसपास, म्हणजे काहीच नाही. आरओचं ५० टीडीएसचं पाणी असलं (टीडीएस म्हणजे एका लिटर पाण्यात विरघळलेले क्षार किती मिलिग्रॅम) तर रेझिस्टन्स उतरतो १० हजार ओहमवर आणि करंट होतो अर्धा मिलिअँपिअर. म्हणजे ज्याला आपण शुद्ध म्हणून पितो ते पाणी खऱ्या शुद्ध पाण्यापेक्षा हजार-दोन हजार पट जास्त करंट नेतं! नळाच्या २०० टीडीएसच्या पाण्यात २ मिलिअँपिअर, बोअरच्या ८०० वाल्यात ८, आणि समुद्राच्या पाण्यात तर २५० मिलिअँपिअर. तरी पण तांब्याशी यातल्या कोणाची बरोबरी नाही, तांबं समुद्राच्या पाण्यापेक्षाही एक कोटी पटीहून जास्त चांगला वाहक आहे. पाणी तारेसारखं भसकन शॉर्ट करत नाही, ते हळूहळू गळती करतं, हे लक्षात ठेवा, मोबाइलच्या बाबतीत याच्याने फार फरक पडतो.

आरओवाला घरी येतो तेव्हा पेनासारखा एक मीटर पाण्यात बुडवून टीडीएस सांगतो ना, तो मीटर खरं म्हणजे क्षार मोजतच नाही. त्याच्या टोकाला धातूच्या दोन छोट्या कांड्या असतात, त्यांच्यामधून किती करंट जातो ते तो पाहतो आणि एका ठरावीक आकड्याने गुणून टीडीएस दाखवतो. खात्री करायची असेल तर घरीच करून पाहा. ओट्यावर दोन ग्लास आरओचं पाणी घ्या, एकात चमचाभर साखर विरघळवा, दुसऱ्यात बोटाच्या टोकावर बसेल एवढं मीठ. साखरेच्या ग्लासात मीटर जागचा हलत नाही, हलला तरी दोन-चार आकडे, कारण साखर विरघळते पण तिचे आयन होत नाहीत, रेणू अख्खाच्या अख्खा राहतो. मिठाच्या ग्लासात तेवढ्याशाने आकडा धाडकन शेकड्यांत जातो. चमचाभर साखर पाण्यात असून मीटरला दिसत नाही! मी हे सोसायटीतल्या पोरांना करून दाखवलं तेव्हा त्यांना आधी वाटलं मीटरच खराब आहे.

आता शुद्ध पाणी टिकत काऊन नाही ते पाहू. दुकानातून डिस्टिल वॉटरची कॅन आणली, झाकण उघडलं, ग्लासात ओतून ठेवलं. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळायला लागतो, त्याचं थोडंसं कार्बोनिक अ‍ॅसिड होतं, आणि काहीही न टाकता त्या पाण्याची वाहकता अगदी शुद्ध पाण्याच्या पंधरा-वीस पट होते, पीएच ७ वरून साडेपाच-पावणेसहापर्यंत येतो. हे नुसत्या हवेने. पंधरा लिटरच्या बादलीभर शुद्ध पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं तर वाहकता सातशे-आठशे पट होते. आणि बोटाला घाम असतो, सर्किट बोर्डावर धूळ असते, सोल्डर नीट बसावं म्हणून लावलेला फ्लक्स असतो, या सगळ्यात आयन देणाऱ्या गोष्टी आहेत. शुद्ध पाणी तर या बाबतीत जास्तच हावरट, कारण त्यात विरघळलेलं काहीच नसतं, जे सापडेल ते ओढून घेतं.

हे किती अवघड आहे ते पाहायचं असेल तर आपल्या नागपूरच्या शेजारचंच उदाहरण घ्या. कोराडी आणि खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये डीएम प्लांट असतो, डीएम म्हणजे डिमिनरलाइज्ड, आयन काढून टाकलेलं पाणी. बॉयलरला तेच पाणी लागतं, नाही तर क्षार ट्यूबांमध्ये आणि टर्बाइनच्या पात्यांवर जमतात. पण त्याहून भारी गोष्ट जनरेटरमध्ये आहे. ५०० मेगावॅटच्या दर्जाच्या मोठ्या जनरेटरमध्ये स्टेटरच्या, म्हणजे न फिरणाऱ्या भागाच्या, तांब्याच्या पट्ट्या सहसा आतून पोकळ केलेल्या असतात आणि थंड ठेवायला त्या पोकळीतून हेच शुद्ध पाणी फिरवतात. त्या तांब्यावर वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब आहे, पाणी तांब्याला आतून चिकटून वाहून राहिलं, तिथून इन्सुलेटिंग नळ्यांमधून बाहेर येऊन परत टाकीत जातं, आणि तरी शॉर्ट होत नाही. ज्याला ‘पाणी आणि वीज एकत्र म्हणजे खेळ खल्लास’ वाटतं त्याने हे एकदा नीट समजून घ्यावं. पण त्यासाठी काय करावं लागतं ते पण पाहा, पाण्याचा एक भाग सतत रेझिनच्या टाकीतून काढून त्यातले आयन धरत राहावं लागतं, वाहकता चोवीस तास मोजावी लागते, आकडा चढला की अलार्म. पाणी बंद लूपमध्ये आहे, बाहेरची धूळ नाही, घाम नाही, तरी ते तांब्यातून थोडं थोडं घेतच राहतं. तुमच्या माझ्या टेबलावरच्या लॅपटॉपला ना रेझिनची टाकी आहे ना अलार्म.

मग बोर्डावर पाणी पडलं की नेमकं बिघडतं काय? लोकांना वाटतं ठिणगी उडते आणि संपलं. घरच्या २३० व्होल्टच्या वस्तूत तसं होऊ शकतं, पण मोबाइल, रिमोट, राउटर यांत व्होल्टेज कमी असतं आणि पाणी तारेइतकं चांगलं वाहक नाही, म्हणून बहुतेक वेळा तिथलं नुकसान हळू होतं. पहिल्यांदा थोडी गळती होते, चिपच्या ज्या पायावर (पिनवर) शून्य व्होल्ट असायला पाहिजे तिथे अर्धा-पाऊण व्होल्ट दिसतो, टच आपोआप चालतो, आवाज जातो, फोन आपल्याच मनाने बंद-चालू होतो. हे पाणी सुकलं की सुधारू पण शकतं. खरं नुकसान दुसरं आहे. डीसी व्होल्टेज चालू असताना ओल्या बोर्डावर प्लस बाजूचा धातू विरघळायला लागतो, तांबं असो, कथील असो, त्याचे आयन होऊन ते मायनस बाजूकडे सरकतात आणि तिथे जाऊन पुन्हा धातू बनतात, झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक फांद्या वाढत वाढत दोन पायांमधलं अंतर जोडून टाकतात. पाणी सुकून गेलं तरी ती फांदी राहते आणि तिच्यातून करंट जाऊ शकतो.

आणि इथेच शुद्ध पाण्याचा भरवसा पूर्ण उडतो. इलेक्ट्रॉनिक्सवाले बोर्डाची परीक्षा घेताना चालू बोर्डाच्या दोन रेघांवर मुद्दाम डिआयनाइज्ड म्हणजे आयन काढलेल्या पाण्याचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसतात, काही मिनिटांत त्या फांद्या वाढताना दिसू शकतात. थेंब शुद्धच होता, त्यात आयन नव्हते, पण व्होल्टेज चालू असल्यामुळे धातूनेच आयन पुरवले. म्हणजे बाहेरून मीठ यायची गरजच नाही.

मोबाइलच्या चार्जिंग पिनमध्ये हे स्वच्छ दिसतं. ओल्या पिनला चार्जर लावून फोन वापरणाऱ्याचा फोन घ्या, चार्जिंगचं तोंड भिंगाखाली धरा. मधल्या पट्टीवर एका रांगेत सोनेरी पाय असतात, त्यातले बरेचसे चकचकीतच असतात, पण ज्यांच्यावर चार्जरचे ५ व्होल्ट येतात ते पाय काळे पडलेले, वरचं सोनं गेलेलं, कडेला हिरवट-पांढरी पूड. शेजारच्या पायाला तेच पाणी लागलं होतं, तेवढाच वेळ लागलं होतं, पण त्याच्यावर सतत प्लस व्होल्टेज नव्हतं म्हणून तो वाचला. नागपूरच्या बर्डीतल्या एका मोबाइल रिपेअरवाल्या भावाने मला हे दाखवलं आणि म्हणाला, "भाऊ, पाण्याने फोन कमी मरतात, पाणी गेल्यावर चार्जिंगला लावून पाहतात ना, त्याच्याने जास्त मरतात." मला त्याचं म्हणणं सोळा आणे पटतं.

आता याची उलटी बाजू. बोर्ड बनवणाऱ्या कारखान्यांत बोर्ड खरोखर पाण्याने धुतात, डिआयनाइज्ड पाण्यानेच, फ्लक्स निघून जावा म्हणून. पण तिथे बोर्डाला बॅटरी नसते, सप्लाय नसतो, आणि धुतल्यावर गरम हवेने किंवा ओव्हनमध्ये पूर्ण सुकवतात, मगच पुढे. म्हणजे पाणी हा शत्रू नाही, व्होल्टेज चालू असताना बोर्डावर असलेलं पाणी आणि सुकल्यावर मागे राहिलेला क्षार, हे दोन शत्रू आहेत. शुद्ध पाण्याचा खरा फायदा पण इथेच आहे, ते सुकल्यावर मागे काही ठेवत नाही. बोअरचं पाणी सुकलं की पांढरा थर राहतो, तो थर पावसाळ्यातल्या दमट हवेतून ओल ओढतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी सगळं विसरल्यावर फोन बंद पडतो.

म्हणून फोन पाण्यात पडला तर पहिलं काम बंद करणं, चालू आहे का बघत बसायचं नाही आणि चार्जर तर अजिबात लावायचा नाही. फोन बंद केला तरी आत बॅटरी जोडलेली असते आणि काही भागांवर व्होल्टेज राहतंच, म्हणून उशीर न करता उघडून बॅटरी सुटी करणारा माणूस गाठायचा. तो बोर्ड बाहेर काढून आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतो, ते पाण्यात मिसळतं, पाणी घेऊन लवकर उडून जातं. चहा, कोल्ड्रिंक, घाम, समुद्राचं पाणी गेलं असेल तर आधी डिस्टिल वॉटरने ब्रशने धुऊन मग आयपीए लावणं बरोबर आहे, कारण साखर आणि मीठ पाण्यात जेवढं विरघळतं तेवढं आयपीएत विरघळत नाही. पण हे बॅटरी, डिस्प्ले, स्पीकर वेगळे केलेल्या सुट्या बोर्डाला, अख्ख्या फोनला नाही. तांदळात ठेवू नका, तांदूळ आतलं पाणी ओढून काढत नाही, उलट त्याची पूड पिनमध्ये जाते, अ‍ॅपलने पण २०२४ मध्ये आपल्या सूचनांत तांदळात ठेवू नका असंच लिहिलं. आणि हेअर ड्रायरची गरम हवा मारू नका, गोंद आणि सील सुटतात.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली आणि काठच्या वस्त्यांत घराघरात पाणी शिरलं, फ्रिज, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर, सगळं पाण्यात. पावसाचं पाणी ढगातून निघतं तेव्हा जवळपास डिस्टिलच असतं, पण रस्त्यावरून, गटारातून, नदीतून घरात येईपर्यंत त्यात माती, साबण, सांडपाणी, क्षार सगळं आलेलं असतं. असं पाणी गेलेली वस्तू वरून कोरडी झाली म्हणून प्लग लावून पाहायची नाही. मोटरच्या गुंडाळीत आणि बोर्डाखाली गाळ बसतो, तो ओला असतो आणि वाहक असतो. आधी मेन बंद, मग मेकॅनिककडून उघडून स्वच्छ पाण्याने गाळ काढणं, पूर्ण सुकवणं, इन्सुलेशन मोजणं, आणि त्यानंतरच सप्लाय. चार दिवस थांबल्याने वस्तू वाचते, घाईने बोर्ड जातो आणि माणसाला करंट लागायची भीती वेगळीच.

बॅटरीचं थोडक्यात सांगतो. इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीत पाणी कमी होतं कारण चार्जिंगमध्ये पाण्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडून जातो. उडतं ते पाणी, क्षार आतच राहतात. दर वेळी आरओचं पाणी टाकत गेलात तर प्रत्येक वेळचा क्लोराइड, लोह, कॅल्शियम आत साठत जातं आणि प्लेटा खराब होतात, बॅटरी आपोआप उतरायला लागते. इथे करंट जातो की नाही हा प्रश्नच नाही, आत अ‍ॅसिडच आहे, ते भरपूर करंट नेतं. प्रश्न आहे नको ते आयन आत जाण्याचा. बॅटरीच्या पाण्यासाठी भारतीय मानकच वेगळं आहे, आयएस १०६९, कॅनवर ते पाहून घ्या. एसीच्या पाइपमधून टपकणारं पाणी काही लोकं जमा करून टाकतात, त्यात क्षार कमी असतात हे खरं, पण ते कॉइलवरची धूळ आणि धातूचा अंश घेऊन येतं, म्हणून मी तरी टाकत नाही.

आता कूलर, ज्यासाठी एवढं लिहिलं. आपल्याकडे मार्च ते जून घरोघरी डेझर्ट कूलर, आणि दर उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून माणसं, लहान लेकरं गेल्याच्या बातम्या वाचाव्या लागतात. बॅटरीत जे होतं तेच टाकीत होतं, पाणी ताट्यांवरून (बाजूच्या गवताच्या पडद्यांवरून) उडून जातं, क्षार टाकीतच राहतात, वरून रोज नवीन पाणी आणि त्याचे नवीन क्षार. ताटीच्या गवतावर जो पांढरा खडूसारखा थर चढतो तो हाच. म्हणजे टाकीत पहिल्या दिवशी २०० टीडीएसचं पाणी भरलं असलं तरी टाकी रिकामी न करता नुसती भरत गेलात तर मे महिन्यात ते पाणी कितीतरी जास्त खारं आणि कितीतरी जास्त वाहक झालेलं असतं. काही घरी आरओचं वाया जाणारं पाणी कूलरमध्ये टाकतात, पाणी वाचवायचा विचार चांगला आहे, पण त्या पाण्यात क्षार आधीच नळापेक्षा जास्त असतात हे माहीत असू द्या.

पंपाची वायर कुठे सोलली, पंपाचं सील गेलं की २३० व्होल्ट त्या पाण्यात आणि लोखंडी बॉडीवर येतात. कोरडी त्वचा बऱ्यापैकी अडवते, पण ओला हात, ओली फरशी, अनवाणी पाय असले की शरीराचा रेझिस्टन्स हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो, मग २३० व्होल्टला दोनशे मिलिअँपिअरच्या वर करंट होतो, आणि हृदयाची लय बिघडायला त्यातला थोडासाही पुरे. टाकीत आरओचं पाणी होतं की डिस्टिल, याने इथे काहीही फरक पडत नाही, कारण बॉडी लोखंडाची आहे आणि लोखंडाला पाण्याची गरज नाही.

म्हणून पाणी भरताना, ताटी ओली करताना, पंप हलवताना नुसतं बटन बंद करून भागत नाही, बटन न्यूट्रलवर लागलेलं असू शकतं, म्हणजे बंद करूनही फेज आत येतच राहतो, पिनच काढायची सॉकेटमधून. तीन पिनचा प्लग, आणि तिसऱ्या भोकाला खरंच अर्थिंग आलेली आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यायचं, जुन्या घरांत सॉकेट तीन भोकांचं असतं पण मागे अर्थिंगची वायरच नसते. लेकरांना कूलरच्या जाळीपासून लांब ठेवायचं. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासायची, क्षारही जातात आणि डासही होत नाहीत. आणि मीटरजवळच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की सप्लाय तोडणारा स्विच, बसवून घ्या, साधा एमसीबी (जास्त लोड किंवा शॉर्ट झाल्यावर पडणारा स्विच) लागलेला असला तरी, कारण एमसीबीला दोनशे मिलिअँपिअर म्हणजे काहीच नाही, तो ट्रिप होतच नाही. आरसीसीबीवर टी लिहिलेलं छोटं बटन असतं, महिन्यातून एकदा दाबून पाहा, लगेच खाली पडला तर ठीक, नाही पडला तर कूलर सुरू करायच्या आधी बदलून घ्या.